भोंगा वाजला, पण कापूस?

लालबाग-परळच्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातनंतर डोकावलं, की पोरांच्या हातात शेकर दिसतात. आत निळं नाहीतर लालभडक पाणी. दोन सेटच्या मधे एक घोट, आरशात एक नजर, की पुन्हा डंबेल. हे पाणी म्हणजे ‘बीसीएए’: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं. याच गिरणगावातल्या व्यायामशाळांत जोर-बैठका काढून घरी गेलेल्या पोराला मूठभर भिजवलेले हरभरे आणि पेलाभर दूध मिळालं, तर त्याची चंगळ असायची. आता खुराक डब्यात आला. डबा हजार-दीड हजाराचा.

चव न लावलेली बीसीएए पावडर कधी पाण्यात टाकून बघा. ती बुडत नाही. पृष्ठभागावर तरंगत राहते, पेल्याच्या कडांना चिकटते आणि जिभेवर ठेवली तर कडू लागते. या तिन्ही रेणूंची फांदीसारखी बाजू तेलकट स्वभावाची, पाण्याशी तिचं जमत नाही. म्हणून पावडर विरघळावी यासाठी लेसिथिन, कडवटपणा झाकायला सुक्रालोज आणि वर ‘ब्लू रास्पबेरी’चा स्वाद. असलं निळं फळ कुठल्या बाजारात मिळतं, हे दुकानदाराला विचारू नये.

तिघांत खरा मानकरी ल्युसिन. फ्रेंच रसायनज्ञ आन्री ब्राकोनो यांनी १८२० साली मांस आणि लोकर गंधकाम्लात उकळून त्याचे पांढरे स्फटिक वेगळे केले. पण ते स्नायूत नेमकं काय करतं, हे कळायला पुढची पावणेदोनशे वर्षं गेली. स्नायूच्या पेशीत ‘एमटॉर’ नावाचं एक प्रथिन असतं. रक्तातलं ल्युसिन वाढलं, की ते जागं होतं आणि नवी प्रथिनं बांधायचा हुकूम सुटतो. एमटॉरचा शोधही गमतीचा. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूपासून रॅपामायसिन हे औषध मिळालं. ते कशावर काम करतं हे शोधता शोधता एमटॉर सापडलं. पुढे तरुण स्वयंसेवकांना रॅपामायसिन देऊन मग अमिनो आम्लं पाजली, तर स्नायूंची बांधणी वाढलीच नाही. म्हणजे हुकूम याच वाटेने जातो, हे नक्की झालं.

डब्यावरची जाहिरात इथवरचीच गोष्ट सांगते, आणि ती खोटी नाही. फक्त अर्धी आहे. आपल्या प्रथिनांत वीस अमिनो आम्लं लागतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बीसीएएच्या डब्यात या नवांपैकी तीन आहेत. उरलेली सहा कुठून आणायची? बाहेरून आली नाहीत, तर शरीर आपलंच जुनं प्रथिन मोडून ती काढतं, आणि मोडायला सगळ्यांत मोठा साठा स्नायूंचाच. गिरणीचा भोंगा वाजला, कामगार साच्यावर उभे राहिले, पण कापसाची गाडीच आली नाही, असा हा प्रकार. स्नायूंच्या प्रथिनांवर अनेक दशकं काम केलेले अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ साली सगळा पुरावा तपासून लिहिलं, की नुसत्या बीसीएएने माणसाचा स्नायू वाढतो या दाव्याला आधार नाही. त्याच वर्षीच्या एका ब्रिटिश प्रयोगात व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर स्नायूंची बांधणी २२ टक्क्यांनी वाढली, हेही खरं. पण २० ग्रॅम व्हे प्रथिनाने ती सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचं आधीच्या प्रयोगात दिसलं होतं. व्हे म्हणजे दूध नासल्यावर उरणारं पाणी, आपली निवळी. तिच्यात नऊच्या नऊ असतात.

मग व्हेचा डबा तरी घ्यावा का? २०१८ साली ४९ प्रयोग आणि १,८६३ माणसं एकत्र धरून हिशेब मांडला गेला. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांनी जादा प्रथिन घेतलं, तर चरबी सोडून शरीराचं वजन सरासरी ०.३ किलो जास्त वाढलं. तीनशे ग्रॅम! आणि दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिन गेलं, की जादा फायदा दिसेनासा झाला. व्यायाम न करणाऱ्याला ०.८३ ग्रॅम पुरतं, असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. याच संस्थेने मे २०२४ मधल्या आहारसूत्रांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर घेणं टाळा, असं सरळ सांगितलं. मला हा सल्ला जरा जास्तच कडक वाटतो, पण त्यामागचा हिशेब घरी करून पाहण्यासारखा आहे. पासष्ट किलोच्या पोराला १.६ ने सुमारे १०४ ग्रॅम लागतील. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम कोरडे हरभरे भिजवले तर १९, मूठ-दोन मूठ शेंगदाणे १२. सहा पोळ्या आणि दोन वाट्या वरण मिळून तीसेक. झाले शंभर, आणि दादरच्या बाजारातली सुरमईची तुकडी अजून ताटात आलीच नाही. अंडं न खाणाऱ्याला सोया चंक्स आहेत. ब्राझीलच्या २०२१ सालच्या प्रयोगात पूर्ण शाकाहारी आणि मिश्राहारी तरुणांना सारखंच, म्हणजे किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिन दिलं, तेव्हा दोघांचे स्नायू सारखेच वाढले. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरणभात एकत्र खाल्ला, की दोघांचं उणं भरून निघतं.

डब्यात खरंच काय आहे, हा प्रश्न तर याहून अवघड. प्रथिन मोजायची जुनी रीत योहान केल्डाल यांची, १८८३ सालची, कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली. तिच्यात प्रथिन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. बिलंदर उत्पादकाला एवढी फट पुरते. महाग व्हेच्या जागी स्वस्त ग्लायसिन टाकायचं. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून कागदावर ‘प्रथिन’ वाढतं. स्नायूंच्या हाती मात्र फारसं काही लागत नाही. २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतीय बाजारातले ३६ प्रथिन-डबे तपासून घेतले. सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनाचा आकडा चुकीचा होता. काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रथिन निघालं आणि १४ टक्क्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन.

आणखी एक गोष्ट, जी जिममध्ये सगळ्यांना ठाऊक असते पण कोणी बोलत नाही. स्पर्धेच्या मंचावरची काही शरीरं पावडरीची नसतात, सुईची असतात. स्टिरॉइडचं श्रेय डब्याला मिळतं, आणि बघणारं अठरा वर्षांचं पोर डबा घ्यायला जातं. सगळ्याच पुड्या निकामी असंही नाही. क्रिएटिन शरीरात तीन अमिनो आम्लांपासूनच बनतं. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तर ताकदीत खरोखर फरक पडतो, विशेषतः शाकाहारी माणसाला, कारण त्याच्या स्नायूंत मुळात साठा कमी. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावं, हे आलंच.

पुरवणी कधी जादू करते, याचं उत्तर परळनेच जगाला दिलं आहे. ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब घरांतल्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय होत होता. हा जंतूंचा रोग असावा, असा आधी संशय होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिने त्या बायकांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं आणि प्रयोग करत करत यीस्टच्या अर्कापर्यंत, म्हणजे साध्या मार्माइटपर्यंत पोचली. चमचाभर मार्माइटने बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे छापलं. त्या अर्कातल्या घटकाला पुढे फोलिक अॅसिड नाव मिळालं. ताटात जे नव्हतंच, ते तिने दिलं होतं. चार अंडी खाऊन आलेल्या पोराच्या शेकरमध्ये असं काय आहे, जे ताटात नव्हतं?

खरी वाण पडते ती त्याच पोराच्या आजीला. गिरगावातल्या चाळीत सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ भात, रात्री पुन्हा चहा-पाव, असं खाणारी म्हातारी माणसं घरोघर आहेत. वय वाढलं, की स्नायू ल्युसिनच्या हाकेला नीट ओ देत नाहीत. तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅम प्रथिन पुरतं, तिथे म्हाताऱ्याला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतं. पण नुसतं ताट भरूनही भागत नाही. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात शंभर माणसांवर केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. काहींना वजनांचा व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. ज्यांना नुसतं पेय दिलं होतं, त्यांची होती तिथेच राहिली.