कापडाचा एक तुकडा आणि यंत्रमानव

कापलेल्या तुकड्यांची थप्पी समोर ठेवा आणि वरचा एकच तुकडा उचला. आपल्या हिंदमाताच्या बाजारातला पोरगाही हे काम न बघता करतो. यंत्रमानवाला मात्र ते अजून नीट साधलेले नाही. मोटारीचा पत्रा तो सहज उचलतो, कारण पत्रा आकार सोडत नाही. कापड उचलताच लोंबते, चुरगळते, ताणले जाते.

मुंबईत १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची सूतगिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांत कातणे आणि विणणे दोन्ही यंत्रांवर गेले. शिलाईत मात्र सुई यंत्राची झाली, तरी कापड सरकवणारा हात माणसाचाच राहिला.

यंत्राने कापड हवेने ओढून उचलायचे म्हटले, तर हवा सुती कापडातून आरपार जाते आणि खालचा तुकडाही सोबत येतो. बारीक तिरक्या सुयांनी उचलले, तर तलम मालावर छिद्रे राहतात. चांगली पकड कशी असते हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ जनावरांकडे वळले.

भिंतीवरच्या पालीच्या पायाला डिंक नसतो. मोठ्या जातीच्या पालीच्या एका पायावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो टोके. ती भिंतीला इतकी जवळून टेकतात की दोन पदार्थांच्या कणांमधली ओढ पकड धरते. पाय विशिष्ट कोनात उचलला की ती सुटते. २००० साली अमेरिकेत केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी अशा एकेका केसाची ताकद मोजली. २००६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात याच युक्तीने काचेवर चढणारा यंत्रमानव तयार झाला. पण ही पकड गुळगुळीत काचेवर चालते, खरबरीत कापडावर कमी पडते.

दुसरा नमुना हत्तीच्या सोंडेचा. तिच्यात हाड नसते. जर्मनीच्या फेस्टो कंपनीने २०१० साली हवेवर चालणारा, सोंडेसारखा वळणारा हात दाखवला. त्याची बोटे माशाच्या परावरून घेतली होती. दाबली की ती मागे न जाता वस्तूभोवती वळतात. नाजूक वस्तू धरायला हे उत्तम, पण कापडाचे कोडे शिल्लकच आहे.

आपल्या धंद्याला यातून काय घ्यायचे? मोठ्या कारखान्यांत कटिंग संगणकावर गेले आहे. टॉवेलची सरळ कड, खिसा, काज-बटण यांसाठीही स्वयंचलित यंत्रे आहेत. जो कारागीर फक्त सरळ टीप मारतो, त्याच्या रोजीवर पहिली गदा येईल. कॉलर, बाही, मापात फेरफार, जुन्या कपड्याची दुरुस्ती ही कामे बोटांच्या अंदाजावर चालतात, म्हणून ती जास्त काळ टिकतील. तेव्हा शिकाऊ मुलांना एकाच टीपेवर अडकवू नका. पूर्ण कपडा शिवायला शिकवा आणि मशीन उघडून दुरुस्त करण्याचे हुन्नरही द्या.