बोटांखालचं वेबपान

स्क्रीन रीडर वेबपान वाचून दाखवतो, पण एका सुरात, वरून खाली. एखाद्या नावात वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे नुसतं ऐकून कळत नाही. तिथे बोटं कामी येतात.

कीबोर्डच्या पुढ्यात ठेवायच्या ब्रेल पट्टीवर बहुधा ४० घरं असतात आणि प्रत्येक घरात आठ बारीक टाचण्या. कागदावरच्या ब्रेलला सहा ठिपके पुरतात. इथले खालचे दोन जास्तीचे ठिपके कर्सर कुठे आहे तेही दाखवू शकतात. प्रत्येक टाचणीमागे पिझोइलेक्ट्रिक पट्टी असते. वीजदाब दिला की ती किंचित वाकते आणि टाचणी वर उचलली जाते. ओळ संपली, बटण दाबलं, की टाचण्या खटकन बदलतात आणि पुढचा मजकूर बोटांखाली येतो. लिंक लागली तर त्या घरालगतचं बटण दाबायचं, ती उघडते. माऊस शोधत बसायला नको.

४० घरांच्या म्हणजे ३२० टाचण्या, प्रत्येकीची हालचाल स्वतंत्र. पट्टी महाग का, ते यातच आलं. आणि एवढं करूनही, पान बनवणाऱ्याने फोटोचं वर्णन लिहायचा आळस केला असेल, तर बोटांखाली कधीकधी येतं ते नुसतं फाइलचं नाव: ‘आयएमजी ००४२’.