हॉलमधून पुन्हा सोप्याकडे

कराडच्या मलकापुरात, सांगलीच्या विश्रामबागेत किंवा वाईच्या पुढे धोमच्या वाटेवर नव्याने बांधलेल्या बंगल्यात शिरलं, की हल्ली एक खोली हमखास दिसते. दारातच पितळी घंगाळ, त्यात पाणी आणि वर तरंगणारी झेंडूची फुलं. भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं चाक. छताला टांगलेला कंदील, आत पिवळा एलईडी. कोपऱ्यात एक कोरीव खांब, ज्याच्यावर कसलाही भार नाही. आणि एक आरामखुर्ची, जिच्यात कोणी बसत नाही, कारण ती टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली असते. इंटिरिअरवाले याला ‘व्हिंटेज कंट्री’ म्हणतात, घरमालक ‘गावाकडचा लूक’ म्हणतात आणि गावाकडून आलेली आजी विचारते, ‘‘न्हाणीतलं घंगाळ हितं कशाला आणलंय?’’

आजीचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. या खोलीतल्या बहुतेक वस्तू सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्याच घरांतून तीस-चाळीस वर्षांपूर्वी किलोच्या भावाने बाहेर पडल्या. आता त्या नगाच्या भावाने परत येताहेत. मध्ये काय घडलं ते पाहिलं, तर खोली कशी सजवावी याचंही बरंचसं उत्तर मिळतं.

सातारा-सांगलीकडे बैठकीच्या जागेला सोपा म्हणतात. घर मोजायचं ते खणांत; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तीन खणी सोपा साधा, पाच खणी म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड. या जाडीतच देवळ्या काढलेल्या. एकीत दिवा, एकीत पानाचा डबा, एकीत पंचांग. खुंटीला पागोटं, कासरा, कधी तलवारही. खाली सारवलेली जमीन, वर कडीपाट. बसायला जाजम, पाहुणा मोठा असेल तर गादी आणि लोड-तक्के. बस्स. उरलेली सगळी जागा मोकळी, कारण त्याच सोप्यात दुपारी शेंगा फोडायच्या असत आणि रात्री चार माणसं झोपायची असत.

पण ‘गावाकडचं’ घर म्हणजे नक्की कोणत्या गावाकडचं? महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण-आटपाडीला पाचशेच्या आसपास. जावळी, पाटण, शिराळ्याच्या अंगाने उतरती छपरं आणि पावसाळ्यात भिंतींना गवताची झडप. खटाव, माण, जतच्या अंगाने सपाट मातीचं माळवद, ज्यावर उन्हाळ्यात झोपायचं आणि धान्य वाळवायचं. लाकूडही तसंच. ऐपतदार घरांत दांडेली-हल्याळकडचं सागवान, बाकीच्यांकडे बांधावरची बाभूळ नि निंब. वाईजवळ मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा पाहून आलेला माणूस सागवानी खांबांच्या आणि भित्तिचित्रांच्या प्रेमात पडतो, ते योग्यच आहे. तो वाडा अठराव्या शतकातल्या एका अतिशय बलाढ्य कारभाऱ्याचा होता, एवढं मात्र लक्षात ठेवावं. आटपाडीतल्या आपल्या आजोळची आठवण म्हणून मेणवली उभी करायला गेलं, की खोली खोटी वाटू लागते.

खुर्ची या सोप्यात फार उशिरा आली. कचेरी आणि शाळा यांच्यामागून ती आली आणि तिच्या वाटा मोठ्या मजेच्या आहेत. एक वाट महाबळेश्वरची. १८२८ साली तिथे इंग्रजांचं माल्कम पेठ वसलं. १८३४च्या सुमारास बांधलेल्या तिथल्या तुरुंगात आग्नेय आशियातल्या सामुद्रधुनीच्या वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. १८६४मध्ये तो तुरुंग बंद झाला. या कैद्यांनी डोंगरउतारावर इंग्रजी भाज्या पिकवल्या आणि स्थानिकांना वेतकाम शिकवलं. साहेबाच्या व्हरांड्यातली वेताची खुर्ची आपण बिनदिक्कत ‘कलोनियल’ म्हणतो. तिच्या विणीत या कैद्यांचाही हात आहे, हे माहीत असलं तर ती वेगळी दिसते.

दुसरी वाट माळरानातून आली. १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा देऊ केली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना आणि वसाहत उभी केली. लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, पंप यांच्या बरोबरीने किर्लोस्करवाडीत पुढे लोखंडी फर्निचरही बनू लागलं. त्याच वाडीतून १९२०पासून ‘किर्लोस्कर’, १९३०पासून ‘स्त्री’ आणि १९३४पासून ‘मनोहर’ ही मासिकं निघाली. मराठी मध्यमवर्गाने घराकडे कसं पाहावं, बाईने घरात कुठे आणि कसं बसावं, याचे नवे विचार एका नांगराच्या कारखान्याच्या आवारातून घरोघर गेले. सांगली जिल्ह्यात आज कुणाला अस्सल जुनी खोली मांडायची असेल, तर लोखंडी खुर्ची आणि जुन्या मासिकांचे बांधीव गठ्ठे यांचा हक्क राजस्थानी झरोक्यापेक्षा मोठा आहे. झरोके विकणारे मला क्षमा करोत.

आणि कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेला. वीज येण्याआधी निम्म्या गावाच्या अभ्यासाचा, बाळंतपणांचा आणि रात्रीच्या पाणी पाजण्याचा तोच सोबती. कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली, पण बुडाशी नाव असलेला एखादा कंदील अजून माळ्यावर निघतो. तो काळवंडलेला असतो, काचेला तडा असतो. असू द्यावा. ऑनलाइन मिळणाऱ्या, मुद्दाम गंज चढवलेल्या नव्या कंदिलापेक्षा त्याची किंमत कमी आणि मोल जास्त.

मग हे सगळं गेलं कसं? काही भीतीने गेलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली आणि पाटण तालुक्यात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवरच कोसळल्या. नंतर १९९३ला किल्लारीच्या भूकंपाने हीच भीती पुन्हा जागी केली. मातीच्या भिंतीबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. सिमेंटकडे गेलेली माणसं मूर्ख नव्हती. काही हौसेने गेलं. ऊस आणि द्राक्षांचा पैसा आला, सोप्याचा हॉल झाला, हॉलमध्ये सनमायका लावलेलं शोकेस आलं. शोकेसमध्ये काचेचे ससे, प्लॅस्टिकची फुलं आणि कपबशांचा एक संच, जो कधीच वापरला गेला नाही. वाटण्या झाल्या तशी खांब-तुळयांचीही वाटणी झाली आणि जुन्या लाकडाचे व्यापारी ट्रक घेऊन दारात आले.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. सोपा सगळ्यांचा नव्हता. तिथे पुरुष बसत. बायका माजघराच्या दाराआडून बोलत. गावातली निम्मी माणसं जोत्याच्या खालीच थांबत, काहींना तर अंगणाच्या कडेलाच थांबावं लागे. आपण ज्या उबेच्या शोधात आहोत ती मुळात सोप्यात नव्हतीच, ती चुलीपाशी होती. म्हणून जुन्या पद्धतीची खोली मांडताना मी तरी सोप्याची मोकळीक घेईन, माजघराची ऊब घेईन आणि कोणी कुठे बसायचं ही व्यवस्था तिथेच सोडून देईन.

जुन्याची ही ओढ काही आपलीच नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने एकोणिसाव्या शतकात यंत्राच्या मालाला कंटाळून हातकामाचा आग्रह धरला, तेव्हा त्याच्या भोवती धुराडी होती. अमेरिकेत १९८९ साली रेचल ॲशवेलने सांता मोनिकात ‘शॅबी शिक’ नावाचं दुकान काढलं आणि विटका पांढरा रंग दिलेल्या लाकडी सामानाची जगभर लाट आली. ती लाट आता पाचगणीपर्यंत पोचली आहे. पाइनच्या लाकडाला पांढरा रंग शोभत असेल. शंभर वर्षांच्या दांडेली सागवानाला पांढरा रंग फासून वर काचपेपर मारणं हा मात्र शुद्ध अपराध आहे.

एका सुताराच्या पडवीत अशी एक खुर्ची उलट्या प्रवासाला लागलेली पाहिली. वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली काळपट झालेलं पॉलिश. मिस्त्री पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडत होता, रेघेच्या दिशेने, जराही घाई न करता. हाताच्या दांडीला आतल्या बाजूने एक गुळगुळीत खळगा पडलेला होता, बोटं फिरवून फिरवून झालेला. सांध्यांत खिळा नव्हता, कुसू आणि वरून लाकडी खुंटी. पॉलिश कधी करणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘ते मागनं. आधी डुगडुग काढू.’’ त्याने खुंट्या काढल्या, नव्या ठोकल्या आणि चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली. बैठकीची वेताची वीण मात्र दुसरीकडे पाठवायची होती, कारण विणणारा हात गावात उरला नव्हता.

लाकडाची परीक्षा २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनेच घेतली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, शहराचा मोठा भाग आणि नदीकाठची गावं बुडाली. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर ढीग लागले ते फुगलेल्या पार्टिकल बोर्डचे, सुटलेल्या प्लायचे आणि कुजलेल्या फोमच्या सोफ्यांचे. सागवानी पाट, चौरंग, खुर्च्या लोकांनी धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि परत वापरल्या. नदीकाठच्या माणसाने जुन्या फर्निचरकडे वळावं, याला यापेक्षा वेगळं सौंदर्यशास्त्र लागत नाही.

जमिनीवर काय घालावं? आपल्याकडे याचं उत्तर घोंगडं आहे. दख्खनी मेंढीची काळी लोकर, धनगरांनी कातरलेली, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली. माग अरुंद, म्हणून दोन पट्ट्या मध्ये शिवलेल्या. ती शिवण लपवू नका, तीच ओळख. वर चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवं घोंगडं ताठ असतं आणि टोचतं. दोन-चार पाण्यांनंतर ते नरम पडतं. बैठकीवर वाकळ टाकायची तर घरच्याच जुन्या लुगड्यांची असावी. भिंतीवर फ्रेम हव्यात तर आत्याने जाळीच्या कापडावर विणलेले पोपट आणि मण्यांचं ‘सुस्वागतम्’ काढा बाहेर. रविवर्म्याची छापील लक्ष्मी असेल तर भाग्यच. त्याची मूळ चित्रं पाहायची तर औंधचं भवानी संग्रहालय आहेच.

भिंतीबद्दल एक रोकडी सूचना. जुनी माती-चुन्याची भिंत असेल तर तिला सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट देऊ नका. आतली ओल कोंडते, पोपडे धरतात, शेवटी गिलावा पाट सुटल्यासारखा खाली येतो. चुन्याची सफेदी द्या, दरवर्षी द्यावी लागेल, स्वस्त पडेल. नवा फ्लॅट असेल तर मातीच्या भिंतीचं सोंग आणू नका. एखादी खिडकी मोकळी करा, सोफा एक कमी करा, बैठक खाली आणा. निम्मं काम तेवढ्यानेच होतं.

आणि उभ्या घराचे खांब विकत घेऊ नका. व्यापारी सांगतो की घर पडकंच होतं. पुष्कळदा खांबाला गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच घर पाडलं जातं. खांब हवाच असेल तर तो कुठल्या गावचा, कशातून निघाला, हे आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर सोडून द्या.

घरोघर आवराआवर निघते तेव्हा भंगारवाल्याची गाडी गल्लीत उभी असते. माळ्यावरचं जे काही त्याला द्यायला काढलंय, ते देण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला दाखवा. कोणी आणलं, कधी, कुठून, एवढं विचारा आणि वस्तूच्या बुडाला पेन्सिलीने लिहून ठेवा.