तरवडीचा ‘दीनमित्र’

सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक ‘दीनमित्र’ मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यातून सुरू केले. पुढे हे साप्ताहिक नेवासे तालुक्यातल्या तरवडीला गेले. पत्रे शहरांतून निघत असताना इथे खेड्यातच खिळे जुळवून अंक छापला जाई, ही खरी नवलाई. मुकुंदराव हे ‘दीनबंधु’ पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र, मावशीकडे दत्तक गेल्याने आडनाव पाटील झाले. सावकारी, भिक्षुकशाही, अस्पृश्यता, कुलकर्ण्यांची कागदी करामत यांवर ते तिखट, बहुधा उपहासाने लिहीत. गावकऱ्याला समजणारी रोखठोक भाषा हेच पत्राचे बळ. त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ तर पोथीच्या थाटातच रचलेले! १९६७ मध्ये निधन होईपर्यंत संपादक तेच होते.