भागीदार निघतो तेव्हा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिघांच्या भागीदारीत पिठाची गिरणी चालवीत. दम्यामुळे पीठ सोसेना, तेव्हा चौदा वर्षांनी ते बाहेर पडले. हाती आली ती फक्त सुरुवातीला घातलेली रक्कम. ‘घातले तेवढे परत मिळाले’ याचेच त्यांना समाधान! पुढे वाणिज्य शाखेतील मित्राचे पुस्तक चाळताना मला कळले, की हिशेब तेवढ्यावर संपत नाही.

एक उदाहरण घेऊ. अ, ब आणि क हे समान भागीदार; प्रत्येकाचे भांडवल २,००,००० रुपये. अ निवृत्त होत आहे. आता त्याच्या खात्यात काय काय जमा होईल?

पहिले, न वाटलेला नफा. राखीव निधी ६०,००० असेल, तर अ चे २०,०००. दुसरे, मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन. वहीत ३,००,००० ची जागा आज ४,५०,००० ची असेल, तर वाढलेल्या दीड लाखात अ चे ५०,०००. किंमत घटली असेल, तर तोटाही त्याच प्रमाणात सोसावा लागतो. तिसरे, नावलौकिक. गिऱ्हाईक त्याच दाराशी येते, यालाही किंमत आहे. सरासरी नफा १,२०,००० धरून त्याची दुप्पट केली, तर नावलौकिक २,४०,००० होतो. त्यातील अ चे ८०,००० ब आणि क यांच्या भांडवल खात्यांतून निम्मे-निम्मे वळते होतात. कारण अ चा हिस्सा त्यांनाच मिळतो.

एकूण झाले ३,५०,०००. रोख एक लाख दिले, तर उरलेले अडीच लाख अ च्या कर्जखात्यावर दिसले पाहिजेत.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम ३७ असे सांगते, की अंतिम हिशेब न मिटवता इतरांनी धंदा चालू ठेवला आणि वेगळा करार नसला, तर निघालेल्याला आपल्या हिश्श्यामुळे झालेला नफा किंवा सालिना ६ टक्के व्याज, यांपैकी एक मागता येते. मात्र कलम ३२ प्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना दिली नाही, तर बाहेरच्यांच्या देण्याची जबाबदारी त्याच्यावर राहू शकते.

हे सारे मी अण्णांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी आकडे दोनदा पाहिले आणि विचारले, “मग मी सही केली ती कशावर?”

‘हिशेब पूर्ण मिळाला’ या ओळीखाली त्यांची सही होती. ताळेबंद त्यांना कोणी दाखवलाच नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे छोटे भागीदारीचे धंदे आहेत. सहीपूर्वी ताळेबंद मागा, एवढे तरी आपण घरी जाऊन सांगू या.