भिंत मोकळी झाली, छत मात्र गळले

पॅरिसच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर पॉसी येथे एक पांढरे, चौकोनी घर बारीक खांबांवर उभे आहे. ल कार्बुझिए आणि त्यांचे सहकारी पिएर जानरे यांनी साव्हॉय कुटुंबासाठी १९२८ ते १९३१ या काळात ते उभारले. आधुनिक वास्तुकलेची पाच तत्त्वे एकाच वास्तूत पाहायची, तर आजही याच घराचे नाव घेतले जाते.

ही पाच तत्त्वे वस्तुतः एकाच निर्णयातून निघतात. जुन्या घरात छताचा भार भिंतींवर असे. खालच्या मजल्यावर भिंत जिथे, वरही तिथेच. खिडकी फार रुंद केली की भिंत कमकुवत होई. काँक्रीटचे खांब आणि स्लॅब आले व भिंत या ओझ्यातून सुटली. मग घर खांबांवर उचलता आले, खोल्या हव्या तशा मांडता आल्या, दर्शनी भाग निव्वळ पडद्यासारखा झाला, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आडवी खिडकी बसली. घराने व्यापलेली जमीन सपाट गच्चीवर बाग करून परत मिळवायची, हे पाचवे तत्त्व. तळमजल्याच्या काचेच्या भिंतीचे वळण तर मोटार वळायला लागणाऱ्या जागेवरून ठरले. स्टिल्ट पार्किंगवर उभ्या इमारतींत राहणाऱ्या आपल्या शहरवासीयांना यात नवल वाटणार नाही. पण हिशेब मोटारीच्या वळणापर्यंत नेणारे बिल्डर विरळाच!

पावसाने मात्र या तर्कशुद्ध मांडणीची परीक्षा घेतली. गच्ची गळू लागली. दिवाणखाना, उताराचा मार्ग, गॅरेजची भिंत, सारे भिजत असल्याच्या तक्रारी युजेनी साव्हॉय १९३० च्या दशकात वारंवार करीत राहिल्या. उतरत्या कौलांवरून पाणी आपसूक वाहून जाते. सपाट स्लॅबवर त्याला वाट काढून द्यावी लागते आणि त्या वेळचे जलरोधन त्याला पुरे पडले नाही. दोष तत्त्वाचा कमी, तपशिलाचा अधिक. पण राहणाऱ्याला या भेदाचे काय?

१९४० मध्ये कुटुंबाने घर सोडले. युद्धकाळात ते आधी जर्मन, नंतर अमेरिकन सैन्याच्या ताब्यात गेले. पुढे पॉसीच्या पालिकेने शाळेसाठी जागा संपादित केली आणि घर पाडले जाण्याची चिन्हे दिसू लागली. जगभरच्या वास्तुरचनाकारांनी विरोध केला. १९६५ मध्ये फ्रान्सने त्याला संरक्षित स्मारक घोषित केले. २०१६ मध्ये चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलासह ल कार्बुझिए यांच्या १७ कामांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यात हेही आहे. शाळा अखेर शेजारच्या मोकळ्या जागेत झाली. तिला नाव मिळाले ल कार्बुझिए यांचेच.