शेरीफ गल्ल्यापाशी उभा राहतो

समजा, कॅलिफोर्नियात एका घरगुती बेकरीला तुम्ही रंग दिला आणि 4,000 डॉलरचं बिल अडकलं. नवरा मालक, बायको हिशेब बघते, मुलगा काउंटरवर. दावा कुणावर लावाल? नवऱ्यावर? पण धंदा कंपनीच्या नावावर असेल, तर कायद्याच्या लेखी तो तुमचं काहीच देणं लागत नाही! देणं आहे ते कंपनीचं. तिला हात ना पाय, पण कर्ज मात्र तिच्या स्वतःच्या नावावर.

हे अजब प्रकरण पक्कं झालं 1896 साली, लंडनमध्ये. आरॉन सॉलोमन यांचा बुटांचा धंदा होता. त्यांनी कंपनी काढली. तेव्हा सात भागधारक लागत. म्हणून बायको आणि पाच मुलं यांना एकेक शेअर, उरलेले 20,001 स्वतःकडे! कंपनी बुडाली. ‘कंपनी म्हणजे हेच गृहस्थ, यांच्याकडून वसूल करा,’ असा आग्रह झाला. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं: नाही, दोघं वेगळे. भारतातली न्यायालयंही हाच निकाल आधाराला घेतात.

मग बिनशरीराच्या या देणेकऱ्याला समन्स द्यायचं कसं? कॅलिफोर्नियात त्याचीही सोय आहे. समन्स घेणारा माणूस नेमून त्याचं नाव राज्याकडे नोंदवणं कंपनीवर बंधनकारक आहे. लहान दाव्यांच्या कोर्टात व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत मागता येतात, फी साधारण 30 ते 75 डॉलर, आणि सुनावणीला वकील कुणाच्याच बाजूने नाही. मात्र दावा लावणारा हरला, तर त्याला अपील नाही. हे मला जरा कठोरच वाटतं.

आणि जिंकलात तर? कोर्ट पैसे वसूल करून देत नाही! निकाल हातात, खिसा रिकामा. पण कोर्टातून वसुलीचा हुकूम काढून शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याकडे, द्या, त्याची फी भरा, आणि बघा: त्याचा माणूस भर धंद्याच्या वेळी बेकरीत शिरतो आणि गल्ल्यातली रोकड, चेक उचलतो. हवं तर आठ तास तिथेच थांबून येणारी विक्रीही जमा करतो. त्याची फीसुद्धा देणेकऱ्याच्याच माथी चढते. वर थकलेल्या रकमेवर वर्षाला 10 टक्के व्याज. निकाल 10 वर्षं जिवंत राहतो, मुदत संपण्याआधी त्याचं नूतनीकरणही करता येतं.

बँकेतलं खातंही असंच जप्त होतं, फक्त बँक कोणती ते तुम्ही सांगायचं. म्हणून गिऱ्हाइकाने दिलेला पहिला चेक वटवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. कंपनीचं नाव आणि बँक, दोन्ही त्यावर छापलेली असतात.